भुकेची सपाट रेघ

"बाई, हा केस खोटा असणार," मणेरीचाचा पडद्याकडे बघत म्हणाले. "जित्या माणसाच्या केसात एवढी सरळ रेघ कधी येती का? सहा वर्षं झाली मी हे काम करतोय, पट्टीनं आखल्यासारखी रेघ आजवर बघितली नाही."

"खोटा नाही चाचा," डॉ. शेवंता लोखंडे म्हणाली. "गोदामावशीचा आहे."

इक्बाल मणेरी हे सोलापूरच्या केशवाचन केंद्रातले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. जिभेला हाड नसलेला माणूस, पण ते नाव ऐकून त्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. शेवंता दोन वर्षं जपानात संशोधनासाठी होती. मागच्या महिन्यात परत आली, केंद्राची प्रमुख झाली, आणि आल्या आल्या पेढ्यांचा पुडा घेऊन जिला भेटायला गेली त्या बाईच्या दाराला कुलूप होतं. वैशाखातच गेली म्हणाले शेजारी. कशानं? म्हातारपणानं, दुसरं कशानं.

गोदावरी शिवलिंग कुंभार मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकीण होती. मुलीमागं दोन भाकऱ्या असा तिथला नियम, पण शेवंताच्या ताटात रोज तिसरी पडायची. ती तिसरी भाकरी कुणाच्या वाटणीची होती, हे कळायला त्या हुशार मुलीला पंधरा वर्षं लागली. जपानातून फोन केला की मावशी म्हणायची, "माझं झ्याक चाललंय गं, तू नीट जेवत जा तिथं." आणि ही शहाणी तेवढ्यावर विश्वास ठेवून फोन ठेवायची! पैसे पाठवते म्हटलं की मावशी रागवायची. सरकारचं धान्य येतंय की मला, म्हणायची. ते धान्य बंद झालंय हे तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. चैत्रानंतर तर कामाच्या गडबडीत शेवंताचा फोनच झाला नव्हता.

शेजारणीनं मावशीची एक पावडरची डबी शेवंताच्या हातावर ठेवली होती. डबीत गुंतवळ होतं, धान्य बंद व्हायच्या आधी साठवलेलं. बायका विंचरताना गळलेले केस बोटाला गुंडाळून साठवतात, भांडेवाली आली की त्यावर वाटी-चमचा घेतात. मावशीची भांडेवाली बहुधा बरीच वर्षं फिरकली नव्हती. शेवंतानं त्या डबीतला एक एक केस सोडवला, सूक्ष्मदर्शकाखाली मुळाचं टोक शोधलं आणि केशवाचकात घातला. सगळ्यांची रेघ एकच आली. सपाट.

"पण सपाट म्हणजे चांगलंच की वो," मणेरीचाचा चाचरत म्हणाले. "स्थिर. आपलं यंत्र तर हेच सांगतं. भूक वाढली की रेघ चढती."

"का चढते, चाचा?"

"मला काय शाळेत घालता? केस महिन्याला सेंटीमीटरभर वाढतो. त्या महिन्यात अंगाला जे मिळालं ते त्यात लिहिलं जातं. मुळाशी आजचं, टोकाला जुनं. माणूस उपाशी राहिला की अंग स्वतःचंच मांस जाळायला लागतं, अन् मग केसात जड नत्राचा, म्हणजे नायट्रोजनच्या वजनदार प्रकाराचा, वाटा वाढतो. ती आपली क्षुधारेषा. कागदं लागत नाहीत, दाखला लागत नाही, सरपंचाच्या हातापाया पडायला लागत नाही. झालं?"

"आणि आपण तुलना कुणाशी करतो?"

"ज्याची त्याच्याशी. कोकणातला माणूस मासळी खातो, त्याचं जड नत्र मुळातच जास्त. आपल्याकडचा भाकरी-आमटी खातो, त्याचं कमी. दोघांना एका मापानं मोजलं तर मासळीवाला जन्माचा उपाशी ठरायचा. म्हणून ज्याच्या त्याच्या जुन्या केसाशी नवा केस ताडून बघायचा." बोलता बोलता चाचा थबकले. पुन्हा पडद्याकडे बघितलं. "या अल्ला."

"हं," शेवंता म्हणाली. "जो कालपर्यंत जेवत होता आणि आज उपाशी आहे, त्याची रेघ चढते. जो वर्षानुवर्षं अर्धपोटी आहे, त्याची चढणार कुठून? त्याचं काल आणि आज सारखंच. यंत्र म्हणतं, स्थिर. सरकार म्हणतं, सुखी. मदत बंद."

"सूत्र कुणाचं आहे हे?" चाचांनी विचारलं आणि जीभ चावली. सूत्र कुणाचं हे सबंध राज्याला ठाऊक होतं. लोखंडे सूत्र. तेवढ्यावर तर जपानचं बोलावणं आलं होतं.

"माझं. अहवालाच्या शेवटच्या पानावर मी लिहिलं होतं की जुनाट उपासमारीला हे सूत्र लागू नाही, केसाबरोबर दंडाचा घेर आणि वजन मोजल्याशिवाय कुणाचंही नाव कापू नये. ते पान फाडलं गेलं. घेर मोजायला माणसं लागतात, आणि माणसांना पगार लागतो."

पान फाडणाऱ्याचं नाव सांगायची गरज नव्हती. यशोधन पाथरकर. समाजसुरक्षा खर्चाचे आयुक्त. पाच वर्षांत राज्याचा अनुदानावरचा खर्च निम्म्यावर आणला म्हणून ज्यांच्या मुलाखती छापून यायच्या, ते. सोलापूर जिल्ह्यात त्यांनी आधी प्रयोग केला, त्यात मावशीचं नाव गेलं. आता या भाद्रपदात त्यांनी सबंध राज्यासाठी यादीशुद्धीचा आदेश काढला होता. अकरा लाख चाळीस हजार नावं. एक डिसेंबरपासून धान्य बंद, पेन्शन बंद.

शेवंतानं मंत्रालयाला तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याचं उत्तर आलं ते असं की केशवाचनाचा निष्कर्ष कायद्यानं अंतिम आहे, त्यावर शंका घेणाऱ्या अधिकाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. तिनं ते पत्र चाचांना वाचून दाखवलं, चुरगळलं आणि कचऱ्यात टाकलं.

"आता काय करणार?" चाचांनी विचारलं.

"त्याला सोडणार नाही," शेवंता म्हणाली. आवाज चढवून म्हणाली असती तर चाचांना बरं वाटलं असतं. ती चहा सांगावा तशा सुरात म्हणाली, म्हणून ते घाबरले.

चार दिवसांनी पाथरकर स्वतःच केंद्र बघायला आले. कार्तिकी एकादशीला आठवडा उरला होता. गोरापान माणूस, पण शर्टाच्या कॉलरमध्ये मान अशी हलत होती की कॉलर दुसऱ्या कुणाची असावी. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलेली. शिपायानं बिस्किटं पुढं केली तर हात जोडले.

"चातुर्मास आहे ना, डॉक्टर. आषाढीपासून एकभुक्त. तेही धान्य वर्ज्य. दिवसातून एकदा थोडी फळं, वाटीभर साबुदाणा, बस्स. सोळा किलो उतरलो! असं हलकं वाटतं म्हणून सांगू." ते मोकळेपणानं हसले. "आमच्या फुकट्या जनतेला हेच सांगतो मी. एवढ्या मोठ्या हुद्द्यावरचा माणूस चार महिने एका वेळेवर काढतो, काही बिघडत नाही. भूक ही निम्मी मनात असते."

शेवंताच्या तोंडाला शिवी आली होती, ती तिनं गिळली. आणि गिळता गिळताच तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सोळा किलो. चार महिने. चार सेंटीमीटर. या माणसाच्या डोक्यावर बोटभर लांब दाट केस होते.

"साहेब, कायदा मात्र छान बसवलात तुम्ही," ती म्हणाली. मणेरीचाचांनी चमकून तिच्याकडे बघितलं.

स्तुतीला कोण भुलत नाही? पाथरकर खुर्चीत मागं रेलले. "कलम बावीस माझं. वाचन अंतिम, कोर्टातसुद्धा दाद नाही. नाहीतर हे लोक जन्मभर अपिलं करत बसले असते. आणि कलम एकोणीसही माझंच बरं का. वीटभट्टीचे मुकादम, सावकार हे उपाशी माणसाचा अंगठा घेऊन त्याला लुबाडतात. म्हणून तीव्र क्षुधेच्या काळात कुठल्याही व्यक्तीनं केलेली सही किंवा अंगठा मुळातूनच रद्दबातल. भुकेल्या माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं, हे शास्त्रच आहे. खर्च शून्य, टाळ्या भरपूर!"

"वा," शेवंता म्हणाली. "साहेब, एक सुचवू का? द्वादशीला तुमचा नियोजन भवनात कार्यक्रम आहे. लोकांच्या मनात यंत्राविषयी किल्मिष आहे. पहिला केस तुमचाच वाचला तर? साहेबांनाही तोच न्याय आणि आजीबाईंनाही तोच. नोंद तिथल्या तिथं क्षुधानोंदवहीत, माणसाचा हात न लागता. पेपरवाले डोक्यावर घेतील."

पाथरकरांनी टिचकी वाजवली. "याला म्हणतात कल्पना! आणि माझ्याबरोबर एखादी यादीतून कमी झालेली बाई ठेवा. स्थिर रेघवाली. म्हणजे लोकांना दिसेल."

गाडी फाटकाबाहेर गेल्यावर मणेरीचाचांनी दार लावून घेतलं. "बाई, त्यांची रेघ आभाळाला जाईल."

"जाईल."

"त्यांच्या ध्यानात कसं येत नाही?"

"अहवालाचं शेवटचं पान फाडायच्या आधी नीट वाचलं असतं तर ध्यानात आलं असतं. त्यांना वाटतं, यंत्र गरीब ओळखतं. यंत्र गरीब ओळखत नाही, चाचा, बदल ओळखतं. भरल्या पोटानं उपास धरणाऱ्याइतका बदल कुणात असतो?"

"यंत्रात काही करायचं नाही ना? उगाच खोटेपणा अंगलट यायचा."

"हातसुद्धा लावायचा नाही. माझी तेवढीच अट आहे. त्यानं केलंय त्यातच तो अडकला पाहिजे."

द्वादशीच्या सकाळी नियोजन भवन गच्च भरलं होतं. मंत्रीमहोदय मधल्या खुर्चीत, पुढं कॅमेरे, मागं पडदा. पाथरकरांनी सकाळीच पारणं फेडलं होतं. ओठांवर पुरणपोळीच्या तुपाची तुकतुकी होती. त्यांच्या शेजारी मजरेवाडीच्या सुगलाबाई बसवल्या होत्या. सत्तरीची बाई, हाताच्या काड्या, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. केस काढायचा म्हटल्यावर त्या लाजल्या. मणेरीचाचांनी हळूच एक केस कापला, केशवाचकाच्या चिमट्यात धरला. अडीच मिनिटांत पडद्यावर रेघ आली. सपाट. खाली अक्षरं उमटली: स्थिर. मदत नामंजूर.

"बघा," पाथरकर माइकवर म्हणाले, "आजींची रेघ कशी स्थिर आहे. याचा अर्थ आजी खाऊनपिऊन सुखी आहेत. कागदावर मात्र निराधार!"

"खाऊनपिऊन?" सुगलाबाईंनी मान वर केली. "लेकरा, काल मी काय खाल्लं ते मला तरी सांग. मला आठवंना झालंय."

मागच्या रांगेतून कुणीतरी हसलं. पाथरकरही हसले आणि डोकं पुढं केलं. "आता माझी पाळी. होऊन जाऊ द्या."

चाचांनी त्यांचा केस कापून चिमट्यात धरला. शेवंता बाजूला, भिंतीला टेकून उभी होती. अडीच मिनिटं. तिला वसतिगृहाचा जेवणाचा हॉल आठवत होता आणि मावशी, "मी नंतर जेवते गं," म्हणणारी. नंतर म्हणजे कधी, हे एकाही पोरीनं कधी विचारलं नव्हतं.

रेघ टोकाकडून निघाली तेव्हा खाली होती. आषाढापाशी उचलली. श्रावणात चढली, भाद्रपदात आणखी, आणि आश्विनात तर पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन भिडली. खाली लाल अक्षरं आली: यशोधन वामन पाथरकर. अतितीव्र क्षुधा, आषाढ ते कार्तिक. मदत तत्काळ मंजूर. नोंद पूर्ण.

सभागृहात जो हशा उसळला, तो थांबता थांबेना. मंत्रीमहोदय रुमालानं डोळे पुसायला लागले. पाथरकरांनीही हात वर केले, "चला, माझं रेशन सुरू झालं!" म्हणाले. त्यांना वाटलं, गंमत झाली, आता निभावून नेऊ.

तेव्हा शेवंता पुढं आली आणि माइक हातात घेतला.

"नोंद झाली आहे, म्हणून केंद्रप्रमुख या नात्यानं मला एक गोष्ट सांगणं भाग आहे. कलम एकोणीस. तीव्र क्षुधेच्या काळात कुठल्याही व्यक्तीनं केलेली सही मुळातूनच रद्दबातल. कायद्यात हुद्दा लिहिलेला नाही. आयुक्तसाहेबांनी आषाढ ते कार्तिक या काळात जितक्या सह्या केल्या, त्या सगळ्या आता रद्द आहेत. भाद्रपदातला यादीशुद्धीचा आदेशही त्यात आला. अकरा लाख चाळीस हजार नावं आजपासून पुन्हा यादीवर."

हशा विझला. एका पत्रकारानं मोठ्यानं विचारलं, "म्हणजे आदेशच रद्द?" आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. पाथरकरांच्या चेहऱ्यावरचं तूप आणि हसू दोन्ही वाळलं.

"काहीतरीच! मी उपाशी नव्हतो. मी उपास करत होतो!"

"यंत्राला तो फरक कळत नाही, साहेब. अंगालाही कळत नाही. तुम्ही सोळा किलो स्वतःचंच मांस खाल्लंत, ते केसात लिहिलंय."

"मग यंत्र चुकलंय."

"कलम बावीस. वाचन अंतिम. दाद नाही."

"मी आत्ता दुरुस्तीचा आदेश काढतो." त्यांनी खिशातून पेन काढलं.

"काढून उपयोग नाही. कालपर्यंतचा केस अजून तुमच्या डोक्यावर आहे. जेवत राहा, नवा केस वर आला आणि रेघ खाली उतरली की तुमची सही चालेल. तीन महिने तरी लागतील. तोपर्यंत तुमचं डोकं ठिकाणावर नाही, असं कायदा म्हणतो. कायदा तुमचाच आहे."

ते पेन तसंच हातात राहिलं. शेवंतानं त्या चेहऱ्याकडे मनसोक्त बघून घेतलं. बरं वाटत होतं तिला, खोटं कशाला बोला? दोन वर्षं ज्या माणसाचं नाव घेतलं की घास अडकायचा, तो आता पाण्यातून बाहेर काढलेल्या मासोळीसारखा तोंडाची उघडझाप करत होता.

मंत्रीमहोदय पुढं झुकले. ते राजकारणी होते, पण मूर्ख नव्हते. "पाथरकर, मला एकच सांगा. कॅमेरे चालू आहेत. हे यंत्र खरं आहे की खोटं?"

इकडे आड, तिकडे विहीर. यंत्र खरं म्हणावं तर सही रद्द, आदेश रद्द, नावं परत. खोटं म्हणावं तर ज्या वाचनावर नावं कापली तेच खोटं, म्हणजेही नावं परत. वर ज्या जिल्ह्यात प्रयोग झाला तिथं जी माणसं मेली त्यांचा जाब वेगळा. पाथरकर हिशेबी माणूस. त्यांचे डोळे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेले, परत आले, आणि कुठंच वाट नाही हे त्यांना कळलेलं शेवंताला दिसलं. मग ते तिच्यावर येऊन थांबले.

"खोटं," ते म्हणाले. आवाज फाटला होता. "यंत्र खोटं आहे. जो कायमचा उपाशी आहे त्याला ते ओळखत नाही. ऐकलंत? हेच हवं होतं ना तुम्हाला? पण सूत्र माझं नाही. मी शास्त्रज्ञ नाही. सूत्र यांचं आहे! लोखंडे सूत्र! यांच्या नावानं आहे, यांच्या सहीनं मंजूर झालंय. माणसं मेली असतील तर आधी यांना विचारा!"

सगळे कॅमेरे गर्रकन वळले. मणेरीचाचा पुढं सरसावले, "शेवटचं पान यांनी फाडलं, बाईंनी तर लिहून दिलं होतं..." शेवंतानं हात करून त्यांना थांबवलं.

"चाचा, राहू द्या. पान फाडलं हे खरं. पण छापून आलेला अहवाल माझ्या टेबलावर आला होता. पान नाही, हे मी त्या दिवशीच बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी माझं जपानचं विमान होतं. मी आरडाओरडा केला असता तर जाणं रद्द झालं असतं. म्हणून मी गप्प बसले आणि गेले."

चाचा तिच्याकडे बघतच राहिले. हे तिनं त्यांनाही सांगितलं नव्हतं.

एका पोरसवदा वार्ताहर मुलीनं माइक पुढं धरला. "मॅडम, म्हणजे जबाबदार कोण?"

शेवंता सुगलाबाईंच्या खुर्चीशेजारी जाऊन उभी राहिली.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "गोदावरी शिवलिंग कुंभार, वय एकाहत्तर, स्वयंपाकीण. वैशाखात भुकेनं मेली. तिला मारणारे दोघं. एकानं आत्ता कबूल केलं. दुसरी मी. दोघांनाही सोडू नका."